पडद्याच्या मागून पाहिलेला ओहळ

डोंगरपाड्यात कुणालाही विचारा, नारू वरठा ग्रामसभेत कुठे बसतो? शेंबडं पोरही सांगेल, मागे. मागे म्हणजे माणसांच्या मागे नव्हे. सरपंच, ग्रामसेवक आणि तालुक्याहून आलेले साहेब ज्या टेबलाशी बसतात, त्या टेबलाच्या मागे, शाळेच्या भिंतीला पाठ लावून. साऱ्या गावाला साहेबांची तोंडं दिसतात आणि नारूला साहेबांच्या माना. कुणाच्या सदऱ्याची शिवण पाठीवर उसवली आहे, कुणी टेबलाखाली चपला काढून ठेवल्यात, बोलताना कुणाचा पाय हलतो, हे सगळं त्याला पाठ.

"पाय हालला का समजायचं," तो हाल्याला सांगायचा, "साहेब एक तर खोटं बोलतोय, नायतर त्याला लघवीला जायचंय. दोन्ही वेळेला सभा लवकर संपते."

हाल्या म्हणजे त्याचा बालमित्र. पाड्यात नारूच्या गोष्टी शंभर वेळा ऐकून शंभराव्या वेळेलाही पोट धरून हसणारा एवढा एकच माणूस.

ग्रामसेवकाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात. ते बिचारे दर सभेला वैतागायचे. "आजोबा, पुढे येऊन बसा की! तुमच्यासाठी चटई अंथरलीय."

"असू दे भाऊसाहेब. मला इथूनच बराबर दिसतं."

ही खोड पन्नास वर्षांची, आणि तिचं मूळ जवळच्या आशागड गावच्या शेतात. त्या काळी भाताची कापणी होऊन शेतं मोकळी झाली की तिथे सिनेमाचा तंबू लागायचा. तंबूच्या मधोमध पडदा. पडद्याच्या पुढे बसायचे चार आणे, मागे बसायचे दोन. डोंगरपाडा म्हणजे मजुरीवर जगणारी माणसं, सगळी मागेच बसायची. मागून चित्र दिसायचं तेच, आवाज यायचा तोच, फक्त डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. नायक डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने ठोसा मारायचा, नायिका पदर भलत्याच खांद्यावर घ्यायची. सुरुवातीची नावं उलटी यायची. पण नावं कोण वाचतो, गोष्ट बघायची!

आणि यातून झालं असं की शहरातली माणसं झाडून सगळी डावखुरी असतात, असं डोंगरपाड्याचं ठाम मत बनलं. हाल्याचा बाप एकदा डहाणूच्या कचेरीत जाऊन आला आणि म्हणाला, "अरे, साहेब उजव्या हातानं लिवतो!" कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणाले, शिपाई असेल.

नारू चौथी पास झाला आणि दोन-चार वर्षं गुरांमागे हिंडून त्याच तंबूत कामाला लागला. तंबूचा शेठ गुजराती, पोटाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. काम काय, तर खुंट्या ठोकायच्या, दोर ताणायचे आणि संपलेली रीळ उलटी फिरवून पुन्हा डब्यात भरायची. पहिल्याच खेळाला शेठने त्याला पुढच्या बाजूला उभं केलं, फुकटे शिरू नयेत म्हणून. दिवे गेले, पडदा उजळला, नायक जेवायला बसला आणि त्याने घास घेतला उजव्या हाताने. नारू जिवाच्या आकांताने ओरडला, "शेठ! ओ शेठ! उलटा लावलाय पिक्चर!"

चार आणेवाले हसून लोळले. पडद्याच्या मागून मात्र हाल्याचा आवाज आला, "नाय रे! इकडं बराबर हाय!"

त्या दिवसापासून नारूला एक समजलं. एकाच गोष्टीला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडची माणसं आपलीच बाजू सरळ म्हणतात. हे ज्ञान त्याला कुठल्या गुरूने दिलं नाही, दोन आण्यांत मिळालं.

तंबूत त्याने सात हंगाम काढले. एकेक पिक्चर चाळीस-चाळीस वेळा पाहिला. माणूस पुस्तकं वाचून शहाणा होतो, नारू रिळा गुंडाळून झाला. खलनायक पिक्चरमध्ये दोनदा मोठ्याने हसतो, दुसऱ्यांदा हसला की समजायचं त्याची वेळ भरत आली. आई आंधळी झाली की मुलगा सापडायला फार वेळ लागत नाही. आणि सगळ्यात मोठं शहाणपण म्हणजे रीळ तुटली तर उठून जायचं नाही. "बोंब मारायची, शिट्ट्या मारायच्या, पण जागा सोडायची नाय. उठला तो गेला. त्याची जागाबी जाते आणि पाठीमागं पिक्चर चालू होतो."

पुढे डहाणूला पक्कं थेटर झालं आणि तंबूचं दुकान बसलं. शेवटच्या खेळानंतर शेठने पडद्याचा दोर सोडला, "बस, थई गयुं! संपलं!" म्हणाला आणि डोळे पुसले. नारूला त्याने दोन वस्तू दिल्या. तंबूच्या जाड कापडाचा एक मोठा तुकडा आणि रिळा ठेवायची पत्र्याची पेटी. जमुना लग्न होऊन आली तेव्हा घरात सामान म्हणून एवढंच होतं. ती अजून टोमणा मारते, "लोकांच्या घरात हंडे-कळश्या. माझ्या नशिबी तंबू!"

पण तोच तंबू त्यांच्या संसाराचा सण झाला. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी ओहळाचं पाणी आटून डोहाडोहांत राहिलं की नारूचं सगळं घर चार दिवस ओहळावर राहायला जायचं. उंबराखाली खडकाची सपाट उतरण आहे, तिथे कापड ताणायचं, तीन दगडांची चूल मांडायची, डोह उपसायचे, मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचे, ताडगोळे खायचे आणि दुपारभर उताणं पडायचं. काम म्हटलं तर काम, चैन म्हटली तर चैन. धर्मेश, त्याचा एकुलता मुलगा, याच खडकावर रांगायला शिकला. धर्मेशची मुलगी क्रांती याच खडकाखालच्या डोहात पोहायला शिकली.

आता क्रांतीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापायी घडलं.

धर्मेश कारखान्यात नोकरीला. तो आणि त्याची बायको योगिता चिंचणीला भाड्याच्या खोलीत राहायची. योगिता मासळीच्या वखारीत कामाला जायची, दोघांच्या पाळ्या सारख्या बदलायच्या, म्हणून क्रांती लहानपणापासून आजा-आजीजवळ पाड्यात. पाड्यातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीची मोठी शाळा ओहळापलीकडे. उन्हाळ्यात खडकावरून उड्या मारत दहा मिनिटांत पलीकडे जाता येतं. पावसाळ्यात ओहळ भरला की आठ-आठ दिवस पलीकडचं तोंड दिसत नाही. पाड्यातल्या किती मुलींची शाळा पाचवीच्या श्रावणातच सुटली, याची मोजदाद नाही.

तिथे साकव हवा म्हणून नारूने अर्ज केला त्याला चार वर्षं झाली होती. साकव म्हणजे फार मोठं काही नाही, माणसं चालत जातील एवढा अरुंद पूल. दर सभेला उत्तर यायचं, पुढच्या वेळी. दर वेळी गाव कंटाळून उठायचं आणि नारू भिंतीला टेकून बसलेलाच.

"ऊठ ना रे," हाल्या म्हणायचा.

"रीळ तुटलीय. जोडतायत."

सन सोळाचा एप्रिल आला. क्रांती तिसरी पास झाली. धर्मेशने शुक्रवार-शनिवारची रजा टाकली, रविवारी एक मे, आणि तो योगिताला घेऊन ओहळावर हजर झाला. हातात एक निळी लांबुळकी पिशवी.

"बाबा, तुमचं ते बोचकं यंदा नका सोडू. मी तंबू आणलाय. कॅम्पिंगचा! फोनवर मागवला."

"कसला?"

"कॅम्पिंग. शहरातली लोकं पैसे देऊन जातात अशी राहायला. समुद्रावर बघा, बोर्डीकडं, रांगेनं तंबू लागलेत."

जमुनाने डोळे मोठे केले. "पैसं देऊन? भुईवर झोपायला?"

"हो आई."

"आणि मासं कोण धरतं?"

"मासे नाही धरत. ताटात येतात."

"मग करतात काय चार दिवस?"

धर्मेश लगेच कामाला लागला. त्याने पिशवी उघडली. काठ्या निघाल्या, बारीक, दोरीत ओवलेल्या. एक कागद निघाला, त्यावर चित्रं. बापलेक अर्धा तास कागदाशी झटले. नारूने आयुष्यात शेकड्याने खुंट्या ठोकल्या, पण हा तंबू त्याला ऐकेना. एक टोक बसवलं की दुसरं उसळायचं.

"हा तंबू हाय का मच्छरदाणी?" नारू म्हणाला.

"बाबा, कागदात लिहिलंय तसं करा!"

"कागद तूच धर. कागदात वारा लिवलाय का बघ."

वारा लिहिलेला नव्हता. तंबू कसाबसा उभा राहिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच क्षणी ओहळावरून एक झुळूक आली. निळा तंबू फुगला, उचलला आणि दोन कोलांट्या खाऊन डोहात पडला. धर्मेश "अरे अरे" करीत पाण्यात शिरला. जमुना त्याच्याआधी शिरली होती. तिने तंबूची आतली जाळी हाताला लावून पाहिली, वर उचलली, आणि जाळीत मूठभर कोलंबी तडफडत होती.

"ही चांगली हाय," ती म्हणाली. "योगिता, ते टोक धर गं!"

"आई! नवा तंबू आहे!"

"मग काय झालं? नवं जाळंच लागतं."

पुढचे दोन दिवस धर्मेशच्या तंबूने डोह साफ केला. सासू-सुना दोन टोकं धरून पाण्यातून चालायच्या आणि क्रांती पुढून पाणी बडवायची. एवढे मासे त्या ओहळात आहेत हे पाड्याला ठाऊक नव्हतं. झोपायला अर्थातच शेठचं जुनं कापड ताणलं गेलं. धर्मेशनेच खुंट्या ठोकल्या. मुकाट्याने.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर क्रांती झोपली आणि धर्मेशने विषय काढला. "बाबा, पुढच्या वर्षी ती चौथी होईल. मग पाचवीला तिला आम्ही चिंचणीला नेतो."

नारू ताडगोळा सोलत होता. हात थांबला.

"इथं आजी हाय, आजा हाय," जमुना म्हणाली.

"आई, ओहळ भरला की शाळा बंद. तू सांग, तुझ्या पाड्यातल्या किती पोरी दहावीला गेल्या?"

योगिता हळूच म्हणाली, "आणि मलाबी लेक रोज दिसावी असं वाटतं, आई. पाळ्या सांभाळीन मी कशीतरी."

योगिताच्या मनात काही खोटं नव्हतं. नारूला चाळीस वेळा पाहिलेल्या सगळ्या पिक्चरमधून एकही ओळ आठवेना. त्याने झोपलेल्या नातीकडे पाहिलं. खडकावर ती गालाखाली हात घेऊन झोपली होती, केसांना माशाचे खवले चिकटलेले. ही पोर घरातून गेली तर सकाळी कोंबड्यांना "चला गं बायांनो" म्हणून कोण सोडणार, आणि त्याच्या गोष्टीत मध्येच "खोटं! मागच्या वेळी वेगळं सांगितलंस!" असं कोण ओरडणार?

"तिला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"तिला विचारलं तर ती ओहळ सोडणार नाही," धर्मेश हसला. मग गंभीर झाला. "बाबा, एक बोलतो. पुढच्या जूनपर्यंत साकव झाला तर ती इथंच राहील, मी शब्द देतो. दर शनिवारी आम्हीच येऊ. पण नाही झाला तर तुम्ही अडवायचं नाही."

"उद्या सभेला साकवाचाच विषय हाय," नारू म्हणाला.

"चार वर्षं आहे तो विषय."

"यंदा साहेब नकाशा घेऊन येणारे. रीळ जोडली गेलीय."

दुसऱ्या दिवशी, एक मेला, शाळेत झेंडावंदन झालं आणि लगेच ओटीवर सभा बसली. सरपंच संगीताताई, वय तिशीचं, आवाज खणखणीत. भाऊसाहेबांनी माणसं मोजली. सभेला शंभर माणूस लागतं, एकशे चार भरलं. तालुक्याहून इंजिनियर साहेब आले होते. त्यांनी ओटीच्या दोन खांबांना दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी एक मोठा पातळ कागद तिच्यावर लावला. ओटीचं तोंड उगवतीला. सकाळचं ऊन थेट कागदावर पडलं.

आणि मागे, भिंतीशी, सावलीत बसलेल्या नारूसमोर पन्नास वर्षांनी पडदा उजळला!

कागदातून ऊन आरपार येत होतं आणि रेषा अशा उठल्या होत्या की त्याला आपला ओहळ डोळ्यांपुढे वाहताना दिसला. हा पाड्यातून येणारा डांबरी रस्ता, ओहळाशी येऊन थांबलेला. रस्त्याच्या टोकाला उभं राहून उजव्या हाताला वळलं की हे ओहळाचं वळण, हा उंबर, ही खडकाची उतरण. तिथेच लाल रेघ, म्हणजे साकव. बरोब्बर! अक्षरं उलटी होती, पण ती तर नेहमीच उलटी असतात.

"हुबेहूब!" तो स्वतःशीच म्हणाला.

पुढे साहेब काठीने दाखवत होते. "रस्ता जिथे संपतो तिथून डावीकडे चारशे मीटर. तिथे खडक आहे, तिथे साकव. मंजुरी आलेली आहे. आज ठराव करून द्या, दिवाळीनंतर काम सुरू."

टाळ्या पडल्या. नारूनेही वाजवल्या. मग त्याचे हात थांबले. डावीकडे?

डावीकडे गाळाचा डोह. कमरेएवढा चिखल, पाणकणीस, पलीकडे नुसती काटेरी झुडपं. तिथून कुणाची म्हैससुद्धा पलीकडे गेलेली नाही.

तो उठला. नारू सभा चालू असताना उठला, हेच गावाला नवल. तो टेबलाला वळसा घालून, उतरून, लोकांच्या चटईवर आला, कागदाकडे तोंड करून उभा राहिला, आणि तंबूतल्या त्या पोराच्या आवाजात ओरडला, "साहेब! उलटा लावलाय पिक्चर!"

सभेत हशा फुटला. म्हातारी माणसं तर डोळे पुसू लागली, कारण हे वाक्य त्यांनी चार आणे न देता पडद्यामागून ऐकलं होतं. हाल्या भिंतीकडे पळाला, मागून कागद पाहिला आणि तिथून ओरडला, "नाय रे! इकडं बराबर हाय!"

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आपली चेष्टा चाललीय. "आजोबा, उलटा कसा असेल? अक्षरं बघा. सरळ आहेत ना? हे 'ओहळ', हा 'रस्ता', हे 'डोंगरपाडा'. कागद उलटा असता तर अक्षरं उलटी नसती दिसली?"

नारूने पुढे वाकून कागद निरखला. अक्षरं खरोखर सरळ होती. ओहळ उलटा आणि अक्षरं सरळ, असं त्याने कुठल्याही पिक्चरमध्ये पाहिलं नव्हतं.

"बाबा, बसा," धर्मेश कानाशी म्हणाला. "साहेब चिडले तर आलेला साकवही जाईल."

"आलेला साकव गाळात जातोय रे!"

लोकांतही कुजबुज झाली. डावं काय आणि उजवं काय, साकव होतोय ना! भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "ताई, हात वर घ्यायला सांगू का?"

संगीताताई नारूकडे पाहत होत्या. त्यांना माहीत होतं की हा म्हातारा गोष्टीत चौपट वाढवतो, पण ओहळाच्या बाबतीत वीतभरही नाही. तेवढ्यात बायकांतून जमुना उभी राहिली.

"साहेब, भांडताय कशाला? ओहळ काय मुंबईला हाय? वीस मिनटावर हाय. कागद घ्या आणि चला. क्रांतीच्या आजाचं खोटं निघालं तर मी त्याला डोहात बुडवीन. जेवायचंबी तयार हाय तिथं. मासं."

साहेब सकाळी चहावर निघाले होते. मासे म्हटल्यावर त्यांचा टेबलाखालचा पाय हलायचा थांबला, असं नारू नंतर सांगायचा. तेव्हा तो टेबलामागे नव्हता, तरी.

"पण सभा?" भाऊसाहेब रजिस्टर छातीशी धरून म्हणाले. "सभा सोडून कसं जायचं?"

"सोडून कुठे?" संगीताताई म्हणाल्या. "ओहळ गावाच्या हद्दीतच आहे. सभाच घेऊन जाऊ."

आणि सभा निघाली. पुढे साहेब कागदाची गुंडाळी घेऊन, मागे भाऊसाहेब रजिस्टर घेऊन, मागे बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. वाटेत ज्यांनी विचारलं "काय झालं?" त्यांना कुणी सांगितलं साकव, कुणी सांगितलं मासे. सगळे सामील झाले. ओहळाशी पोचून भाऊसाहेबांनी पुन्हा माणसं मोजली तर एकशे एक्केचाळीस. त्यांच्या नोकरीत सभेतली माणसं वाढलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

साहेब रस्त्याच्या टोकाला उभे राहिले. कागद उलगडला. डावीकडे पाहिलं. पाणकणीस हलत होतं आणि चिखलात एक बगळा उभा होता.

"पाहणीत खडक लिहिलाय," ते म्हणाले. "इथे खडक कुठाय?"

"साहेब," नारू अदबीने म्हणाला, "कागद उन्हाकडं धरा. आणि पाठीकडनं बघा."

साहेबांनी कागद उलटा करून उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग उजवीकडे पाहिलं. ओहळाचं वळण. उंबर. खडकाची उतरण. त्यावर जुन्या तंबूचं कापड, चुलीचा धूर, आणि वाळत घातलेली निळी जाळी. पुन्हा कागदाकडे पाहिलं. आणि एवढा मोठा साहेब मोठ्याने हसला.

"कळलं! जुन्या नकाशावरून हा पातळ कागदावर गिरवलाय. गिरवताना आमच्या कचेरीत कुणीतरी जुना कागद पालथा ठेवला. रेषा उलट्या आल्या. मग वर नावं लिहिली, ती सरळ लिहिली. आणि मी अक्षरं वाचत बसलो!" त्यांनी कागद गुंडाळला. "आजोबा, खाली गाळात साकव झाला असता तर माझं काय झालं असतं, माहितीय? नकाशा वाचायला कुठे शिकलात?"

"दोन आण्यांत, साहेब."

साहेबांना ते कळलं नाही. मग कळेपर्यंत नारूने सगळी गोष्ट सांगितली, शेठपासून शेवटच्या खेळापर्यंत. क्रांती मध्येच ओरडली, "खोटं! मागच्या वेळी सहा हंगाम सांगितलेस, आता सात!" मासे तोवर दोनदा गरम करावे लागले.

ठराव खडकावर झाला. साहेबांनी नकाशावर आपल्या हाताने दुरुस्ती केली, 'डावीकडे' खोडून 'उजवीकडे' लिहिलं आणि खाली सही केली. टेबल नव्हतं म्हणून भाऊसाहेबांनी रजिस्टर, तिथे सामानाला आणलेल्या रिळांच्या पेटीवर ठेवून लिहिलं. संगीताताई म्हणाल्या, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा." पहिला हात जमुनाचा, मासे वाढायच्या पळीसकट. दुसरा धर्मेशचा. त्याने बापाकडे पाहिलं नाही, पण हात सगळ्यात उंच केला. मग योगिताचा, जरा वेळाने. नारूने तेही पाहिलं. तो उठून तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "पोरी, दर शनिवारी ये. मी गोष्ट अर्धी ठेवीन. पुरी तू आल्यावर."

योगिता हसली. "तुमची पुरी कधी होते, बाबा?"

माशांचा रस्सा एकशे एक्केचाळीस माणसांना पुरला. मासे किती जणांना मिळाले ते विचारू नये. साहेब जाताना धर्मेशच्या निळ्या जाळ्याकडे निरखून पाहत होते. "हे कुठल्या दुकानात मिळतं?" त्यांनी विचारलं. धर्मेशने मान खाली घालून सांगितलं, "फोनवर, साहेब. कॅम्पिंगचं आहे."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. मध्ये सिमेंट संपलं म्हणून महिनाभर बंद पडलं. पाडा कंटाळला, पण नारू रोज उंबराखाली जाऊन बसायचा आणि शिट्टी मारायचा. मार्चमध्ये रीळ पुन्हा जोडली गेली आणि मे महिन्यात साकव उभा राहिला. अरुंद, करडा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. क्रांती त्यावरून दिवसातून वीस वेळा जायची, पण ते काही खरं जाणं नव्हे. खरं जाणं जूनमध्ये होतं.

त्या सकाळी ओहळ तांबडा होऊन साकवाच्या हातभर खालून धावत होता. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी धर्मेश आणि योगिता आदल्या दिवशीच आली होती. योगिताने लेकीची वेणी घातली, जमुनाने डबा बांधला. पाड्यातल्या आणखी पाच मुली दप्तरं घेऊन उंबराखाली जमल्या. त्यांतल्या दोघींची शाळा गेल्या वर्षी श्रावणात सुटलेली. सगळे जमले, पण नारू कुठे दिसेना.

"आजा कुठाय?" क्रांती रडवेली झाली. "तो नाही तर मी जाणार नाय."

"तो काय तिथं," हाल्या म्हणाला.

साकवाच्या पलीकडच्या टोकाला, मोठ्या शाळेच्या बाजूला, धुतलेला सदरा घालून नारू उभा होता. सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलेला. समोर तोंड करून.

मुली निघाल्या. क्रांती पुढे. खालून पाण्याचा घोष, वरून तिची लाल रिबीन, उजव्या खांद्यावर दप्तर, आणि प्रत्येक पावलाला तिचं तोंड मोठं मोठं होत जवळ येत होतं, हसरं, एक सुळा अर्धवट आलेला. नारूने डोळे मिचकावले नाहीत.

हाल्या अलीकडून ओरडला, "अरे नारू! जन्मभर पाठीमागं बसलास, आज पुढं कसा?"

नारू नातीवरची नजर न काढता ओरडला,

"आज तिकीट काढलंय!"